नवीन मासा दर वेळी मार खातोय? आधी मारामारीची जागा आणि वेळ बघा

टँकमध्ये एक मोठा ऑस्कर आहे, किंवा कन्व्हिक्टची जोडी, किंवा लाल शेपटीचा शार्क. त्याला सोबत म्हणून नवीन मासा आणून सोडला की पहिला दिवस बरा जातो. दुसऱ्या दिवशी शेपटी फाटलेली दिसते. मग तो नवा मासा हीटरच्या मागे, पाण्याच्या अगदी वरच्या थरात, पर अंगाशी मिटून उभा राहायला लागतो. खात नाही, खाली येत नाही, आणि आठवडा उलटायच्या आत जातो. दुकानदार म्हणतो, "हा नाही चालला का? मग दुसरा न्या." दुसरा नेला तरी तेच.

हे चक्र तुटत नाही, कारण आपण फक्त "कुठल्या माशाबरोबर कुठला मासा चालतो" एवढंच विचारतो. तसे तक्ते मिळतात आणि ते उपयोगीही आहेत, पण त्यात तुमचा टँक नसतो. हद्द राखणारा मासा पाहुण्याचं नाव विचारत नाही. हा माझ्या जागेत घुसलाय का, माझ्यासारखा दिसतोय का, माझ्या पिल्लांजवळ येतोय का, माझ्या तोंडात मावतोय का, एवढंच तो बघतो. यातलं नेमकं कुठलं कारण तुमच्याकडे चालू आहे ते कळलं, तर सोबती निवडता येतो. ते न कळता मासे बदलत राहिलात, तर उलट नुकसान होतं. हे मासे शेजारी ओळखतात. सरावाच्या शेजाऱ्याशी त्यांची हळूहळू तडजोड होते आणि अनोळखी आला की पुन्हा जोरात हल्ला होतो. म्हणजे दर पंधरवड्याला नवा मासा आणणं म्हणजे दर पंधरवड्याला भांडण नव्याने सुरू करून देणं.

मार खाणाऱ्याला आधी वेगळं करा

निदान नंतर. शेपटी फाटलेली असेल, खवले उडालेले असतील, तर मासा आजच वेगळा काढा. दुसरा टँक नसेल तर मोठा टब, त्यात जुन्याच टँकचं पाणी आणि एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, एवढ्यावर काम भागतं. तेही शक्य नसेल तर टँकच्या मधोमध भोकं पाडलेलं अ‍ॅक्रिलिकचं पार्टिशन घाला. जखमी माशाला सगळ्यात आधी स्वच्छ पाणी लागतं. औषधाची बाटली त्यानंतर. आणि टेस्ट किट असेल तर अमोनिया शून्य आहे का ते बघून घ्या. गर्दीच्या, घाण पाण्यातले मासे आधीच धापा टाकत असतात. तिथे कोण कोणाला मारतंय यावर विचार करण्यात अर्थ नाही.

आता लांबून बघा

काचेला नाक लावून बघू नका. तुम्ही जवळ गेलात की मासे खाणं मिळेल म्हणून पुढे जमतात आणि भांडण थांबतं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसा, किंवा मोबाइल स्टँडवर लावून अर्धा तास रेकॉर्डिंग करा. तीन गोष्टी टिपायच्या: हल्ला कुठून सुरू होतो, कधी होतो, आणि जखम कुठे आहे.

जखमेची जागा खूप काही सांगते. शेपटीच्या कडा फाटल्यात आणि मागच्या बाजूचे खवले गेलेत, तर मासा पळताना मागून मार खातोय. म्हणजे कोणीतरी त्याला हद्दीबाहेर हाकलतंय आणि त्याला जायला जागा नाही. शेपटी शाबूत, पण एंजल किंवा गुरामीच्या पोटाखालचे लांब धाग्यासारखे पर तुटलेत, तर ते काम बहुतेक टायगर बार्बचं. ते हद्दीसाठी भांडत नाहीत. चार-पाचच ठेवले की आपापसात करायची चावाचावी ते दुसऱ्यांवर करतात. आठ-दहांचा घोळका केला की बराच फरक पडतो, तरी लांब पराच्या संथ माशांबरोबर ते नकोतच. ओठ सोललेले दिसले तर दोन तुल्यबळ सिक्लिडनी (ऑस्कर, कन्व्हिक्ट ज्या कुळातले ते मासे) एकमेकांची तोंडं पकडून ओढाओढ केलेली असते. बघायला भयंकर वाटतं, पण ती ताकदीची परीक्षा असते आणि हरणाऱ्याला लांब जायला वाव असेल तर तिथेच संपते.

एक जखम नेहमी चुकीच्या माशाच्या नावावर जाते. सकाळी उठून बघावं तर सिल्व्हर डॉलर, एंजल किंवा डिस्कसच्या चपट्या अंगावर पांढुरके, खरवडल्यासारखे गोल चट्टे. दोष जातो ऑस्करला. खरा गुन्हेगार असतो तळाशी शांत बसणारा सकर. काच साफ करतो म्हणून आणलेला हा मासा मोठा झाला, उपाशी राहिला, की रात्री चपट्या माशांच्या अंगाला चिकटून त्यांच्या त्वचेवरचा चिकट थर खातो. दिवे बंद झाल्यावर तासाभराने टॉर्च मारून बघा. त्याला रात्री उकडलेली काकडी किंवा दुधी द्यायला लागा, टँकमध्ये लाकडाचा ओंडका ठेवा. तरी सवय सुटली नाही तर त्याला वेगळं करा.

एका कोपऱ्यातून हल्ला होत असेल तर: जोडी जमलीय

कन्व्हिक्टच्या बाबतीत तर जवळजवळ नेहमी हेच निघतं. मध्य अमेरिकेतला हा काळ्या पट्ट्यांचा मासा 10 ते 15 सेंटिमीटरच्या पुढे फारसा जात नाही, स्वस्त मिळतो, म्हणून दोन-चार आणले जातात. दोन महिने सगळं सुरळीत चालतं. मग एक दिवस टँकमधल्या शोभेच्या कुंडीच्या तोंडाशी खड्डा दिसतो. नीट बघितलंत तर दोघं आळीपाळीने तोंडात ग्रॅव्हल भरून दूर नेऊन टाकत असतात, आणि मादीच्या पोटावर नारिंगी छटा आलेली असते. ती छटा माद्यांनाच येते, नराला नाही. त्यावरून जोडी ओळखता येते. अंडी साधारण तीन दिवसांत फुटतात, आणखी चार-पाच दिवसांत पिल्लं पोहायला लागतात, आणि पुढचे चार-सहा आठवडे आई-बाप त्यांच्याभोवती पहारा देतात. या काळात आपल्या दुप्पट आकाराच्या माशावरही हे दोघं तुटून पडतात.

अशा वेळी दोन फुटी टँकमध्ये दुसरा कुठलाही मासा तगणार नाही, जात कुठलीही आणा. चार फुटी टँकमध्ये जोडी एक बाजू घेते आणि बाकीच्यांना दुसऱ्या टोकाला दाबते. तिथे मासे जगू शकतात, पण आडोसा असेल तरच. म्हणून मधे उंच दगड किंवा लाकूड असं लावा की एका टोकाहून दुसरं टोक दिसणार नाही. नजरेआड झालेल्या माशाचा पाठलाग हे मासे सहसा सोडून देतात. कुंड्या, नारळाच्या करवंट्या, गुहेसारखे दगड काढून टाकले तर अंडी घालायची पसंतीची जागाच राहत नाही. पाणी 28 वरून 24-25 अंशांवर आणलं तरी वीण मंदावते. मात्र मुंबईत एप्रिल-मेमध्ये टँकचं पाणी आपोआप तिशीला जातं, तेव्हा हा उपाय कागदावरच राहतो. म्हणून उन्हाळ्यात "अचानक" सुरू झालेली मारामारी बघितली की मी आधी कुंडी उलटी करून अंडी आहेत का ते बघायला सांगतो.

पिल्लं नको असतील तर सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे जोडीतला एक मासा कमी करणं. एकटा नर कन्व्हिक्ट पुष्कळ निवळतो. पिल्लं वाढवायची हौस असेल तर जोडीला स्वतंत्र टँक द्या, पण आधी विचार करा: एका वेळी शंभराच्या आसपास पिल्लं होतात आणि ती घेणारं कोणी लवकर मिळत नाही.

पूर्ण टँकभर पाठलाग होत असेल तर: जुना मालक

एकटाच वाढलेला ऑस्कर, जॅक डेम्प्सी किंवा लाल शेपटीचा शार्क संपूर्ण टँक आपलाच समजतो. आधीपासून राहणारा मासा नव्यावर भारी पडतो, मग नवा थोडा मोठा का असेना. इथे निवडीआधी त्याची मालकी मोडायची असते, आणि ती मोडण्याचा उपाय साधा आहे: नवा मासा सोडायच्या दिवशी सगळी मांडणी बदला. दगड, लाकडं, झाडं, फिल्टरचा पाइपसुद्धा. जमलं तर जुन्या माशाला दोन-तीन दिवस टबमध्ये ठेवा, नव्यांना आधी टँकमध्ये स्थिरावू द्या आणि मग जुन्याला सोडा. आता तोच पाहुणा असतो.

नवे मासे एकेक करून आणू नका. एक आणला तर सगळा राग त्याच्यावर निघतो. चार-पाच एकदम आले तर वाटला जातो. सोडताना दिवा बंद ठेवा आणि त्याआधी जुन्याला पोटभर खायला द्या. माझा जास्त विश्वास पार्टिशनवर आहे: आठवडाभर दोघं काचेपलीकडून एकमेकांना बघत राहिले, तर ओळख होते आणि पहिल्या तासाची झुंज सौम्य होते. पार्टिशनजवळ दिवसभर धडका मारणं सातव्या दिवशीही तसंच चालू असेल, तर ते काढूच नका. उत्तर मिळालंय.

फक्त खाण्याच्या वेळीच भांडण होत असेल तर पेलेट टँकच्या दोन टोकांना एकाच वेळी टाका. बहुतेकदा तेवढ्याने भागतं.

सोबती निवडताना

तोंड आधी, स्वभाव नंतर. ऑस्कर दक्षिण अमेरिकेतला, अमेझॉनच्या खोऱ्यातला मासा. दुकानात तो बोटाएवढा, गोंडस असतो. पहिल्या वर्षी चांगल्या पाण्यात तो महिन्याला दोन-अडीच सेंटिमीटर वाढतो आणि पुढे 30 सेंटिमीटरपर्यंत जातो. आज जो गप्पी, मौली किंवा निऑन टेट्रा त्याच्याशेजारी मजेत पोहतोय तो सहा महिन्यांनी गायब झाला, तर त्याला मारामारी म्हणू नका. ऑस्करने जेवण केलं. गोल्डफिश मोठा असला तरी चालत नाही: त्याला थंड पाणी लागतं, आणि खाद्य म्हणून नेहमी गोल्डफिश दिले तर त्यातल्या एका विकरामुळे ऑस्करच्या शरीरातलं बी-1 जीवनसत्त्व कमी होतं. कोरिडोरास तर मुळीच नको. गिळला जाताना तो परांचे काटे ताठ करतो, काटे ऑस्करच्या घशात अडकतात आणि दोघंही जातात.

ऑस्करला सोबत द्यायचीच असेल तर टँक चार फुटी पुरत नाही. 4 बाय 1.5 बाय 1.5 फूट म्हणजे जेमतेम 255 लिटर. त्यात एक ऑस्कर नीट राहतो. सोबतीसाठी किमान 5 बाय 2 बाय 2, म्हणजे 565 लिटरच्या आसपास. त्यात सिल्व्हर डॉलरचा पाच-सहांचा घोळका ही माझी पहिली पसंती. अंगाने उंच असल्यामुळे तोंडात मावत नाहीत, चपळ असतात, झाडपाला खातात म्हणून खाण्यावर स्पर्धा कमी, आणि वरच्या-मधल्या थरात राहतात. शिवाय असा घोळका निर्धास्त फिरताना दिसला की लपून बसणारा सिक्लिडही बाहेर येतो. मोठा सेवेरम चालतो, जिओफॅगस चालतो. तो वाळू चाळत तळाशी गुंतलेला असतो. दोन्ही जरा सौम्य आहेत, म्हणून आकाराने ऑस्करच्या बरोबरीचे घ्या.

पॅरट मासा ऑस्करबरोबर सर्रास दिला जातो. मला ती जोडी पटत नाही. पॅरट हा तैवानमध्ये 1980च्या दशकात तयार केलेला संकर आहे, त्याचं तोंड नीट मिटतच नाही. त्याला ना खाण्यात झटपट वाटा मिळवता येतो, ना तोंडाला तोंड देता येतं. तो ऑस्करसमोर तग धरतो, पण कसा? कोपऱ्यात दबून. पॅरटला सेवेरम, टिनफॉइल बार्ब असे मासे बरे.

दिसण्यातलं साम्य हा मुद्दा लाल शेपटीच्या शार्कच्या बाबतीत सगळ्यात महत्त्वाचा. थायलंडचा हा मासा नावाने शार्क असला तरी बार्बच्या कुळातला आहे. टँकमध्ये एकच. दुसरा लाल शेपटीचा नको, रेनबो शार्क नको, तळाशी फिरणारा कुठलाही काळपट लांबट मासा नको, कारण त्याला तो आपलाच प्रतिस्पर्धी वाटतो. वरच्या थरातल्या डॅनिओ, रोझी बार्ब, रेनबोफिश अशा चपळ माशांकडे तो फारसा वळत नाही. फायरमाउथ या सिक्लिडच्या बाबतीत उलट: कल्ले फुगवून, गळ्याचा लालभडक रंग दाखवून तो एवढा दरारा निर्माण करतो की लोक त्याला जॅक डेम्प्सीच्या जोडीला ठेवतात. त्याचा बराचसा जोर दाखवण्यातच असतो. खऱ्या मारकुट्या माशापुढे तो हरतो.

आफ्रिकन सिक्लिड म्हणून मिश्र पिशवीत विकले जाणारे निळे-पिवळे मासे बहुधा मलावी सरोवरातले म्बुना असतात. त्यांचा नियम बाकी सगळ्यांपेक्षा निराळा आहे. इथे थोडी जास्त गर्दी मुद्दाम ठेवतात, म्हणजे कुठल्याच नराला एका माशावर डूख धरून राहता येत नाही. चार फुटी टँकमध्ये वीसएक मासे, एका नराला तीन-चार माद्या, टँकभर दगडांची रास, दुप्पट ताकदीचा फिल्टर आणि दर आठवड्याला निम्म्याच्या आसपास पाणी बदलायची तयारी. यांना अल्कलाइन, 8च्या आसपास पीएचचं पाणी आणि शेवाळयुक्त खाणं लागतं. मांसाहारी खाद्याने पोट फुगून मरतात. म्हणून ऑस्कर आणि म्बुना एकत्र नको, जरी दोघं "तेवढेच दांडगट" असले तरी. आणि गर्दीची ही युक्ती ऑस्करला किंवा कन्व्हिक्टला लावू नका, तिथे ती फक्त पाणी खराब करते. पट्टेरी पिवळा ऑरॅटस तेवढा टाळा. मोठा झालेला नर काळसर पडतो आणि अख्खा टँक ताब्यात घेतो.

फायटरबद्दल थोडक्यात: दुसरा नर नाही, गुरामी नाही, लांब रंगीत शेपटीचे गप्पी नाहीत, टायगर बार्ब नाहीत. दोन फुटी टँकमध्ये तळाशी कोरिडोरासचा घोळका चालतो. तोही एखाद्या फायटरला सहन होत नाही, तेव्हा तो एकटा ठेवण्यात काहीही गैर नाही.

सिक्लिड म्हटलं की आपल्याला परदेशी मासाच आठवतो. पण गोव्यात ज्याला कालुंदर म्हणतात तोही सिक्लिडच, आणि त्याचा छोटा भाऊबंद ऑरेंज क्रोमाइड टँकसाठी फार चांगला मासा आहे. आठ-नऊ सेंटिमीटरचा, विणीच्या काळापुरता हद्द राखणारा, घोळक्यात शोभणारा. निसर्गात त्याची पिल्लं कालुंदराच्या अंगावरचे परजीवी टिपून खातात. तो मूळचा खाडीच्या मचूळ पाण्यातला, त्यामुळे नदीच्या मऊ, कमी क्षारांच्या पाण्यातले टेट्रा त्याच्याबरोबर जमत नाहीत. पाण्यात थोडं मीठ सोसणाऱ्या मौली जमतात. भांडखोर मासे ठेवून दमलेल्या माणसाने हा जरूर ठेवून बघावा.

काहीच जमत नसेल तर

फ्लॉवरहॉर्नसाठी सोबती शोधू नका. मलेशियात 1990च्या दशकात संकरातून तयार झालेला हा मासा भिंतीवरच्या स्वतःच्या सावलीवरही धावतो. एकटा ठेवला की माणसांशी इतका खेळतो की त्याला सोबत कमी पडतेय असं वाटत नाही. टँकची एक बाजू कायमच्या पार्टिशनने तोडून तिथे दुसरे मासे ठेवता येतात, पण तो सतत काचेवर धडका मारत असेल तर पार्टिशन अपारदर्शक करा.

एखादा ऑस्कर किंवा जॅक डेम्प्सीही असा निघतो. त्याला एकटं ठेवा, किंवा दोन माशांपैकी एक परत द्या. क्रॉफर्ड मार्केट असो, कुर्ला असो की गल्लीतलं छोटं दुकान, मासा घेतानाच विचारून ठेवा की मोठा झाल्यावर परत घ्याल का. बरेच दुकानदार पैसे देत नाहीत, पण मासा ठेवून घेतात. नको झालेला मासा तलावात, नदीत, विहिरीत मात्र कधीही सोडू नका. टँकमधून सुटलेला सकर आज भारतातल्या अनेक नद्या-तलावांत पसरलाय, मच्छीमारांची जाळी त्याच्या काटेरी परांनी फाटतायत, आणि तिथे त्याला वेगळं ठेवायला पार्टिशन घालता येत नाही.